हुलसूरच्या परड्यातली माती

मागच्या फाल्गुनात एका सोयरिकीच्या निमित्तानं हुलसूरला जाणं झालं. गाव आता तालुक्याचं झालंय. जिथं बाभळी होत्या तिथं झेरॉक्सची दुकानं आहेत. जेवणं उरकून सगळे पंख्याखाली आडवे झाले आणि मी कुणाला न सांगता चपला पायात अडकवून आमच्या जुन्या बोळाकडं निघाले. बोळ सापडला, घर नाही. माळवदाच्या जागी गुलाबी रंगाची दुमजली इमारत उभी आहे. तिच्या मागच्या अंगाला भिंतीलगत मातीची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली आहे. कुणीतरी ती नुकतीच खणून भिजवली होती. तापलेल्या मातीवर पाणी पडल्याचा वास आला आणि माझे पाय जागीच थांबले.

ओल्या मातीच्या वासानं लोकांना बरं वाटतं. मला भीती वाटते. आयुष्य सरत आलं तरी हे काही गेलं नाही.

मी या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझं माहेर उदगीरकडचं, बोली मराठी. सासरी घरात कानडी आणि बाजारात मराठी, आणि कचेरीत गेलं की उर्दू. मला कानडीचा एक शब्द येत नव्हता. ती मी शिकले परड्यातल्या फुलांवरून. घरामागं परडं होतं, आमच्या सासूबाई त्याला हित्तल म्हणायच्या. मोगरा म्हणजे मल्लिगे, कण्हेर म्हणजे कणगिले. शिकवायचे माझे धाकटे दीर, राचप्पा भाऊजी. "दासवाळ म्हणा वैनी, दासवाळ," ते सांगायचे. "जास्वंद म्हणलं तर आमचं फूल वळूनबी बघायचं न्हाई."

सासूबाईंना सगळं गाव अव्वा म्हणायचं, मीही अव्वाच म्हणायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. अव्वा उजाडायच्या आत अंघोळ करून ओलेत्यानं परड्यात जायची. रहाटाची करकर, मग फुलं परडीत पडतानाचा तो न ऐकू येणारा आवाज, मग बेलाच्या पानांवर तिची बोटं. सोप्यात बसून ती डाव्या तळहातावर लिंग घ्यायची, विभूती लावायची, आणि त्या इवल्याशा लिंगावर एकेक फूल असं ठेवायची जणू झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालते आहे. विकतचं फूल तिनं कधी पूजेला घेतलं नाही.

माघात मोगऱ्याचं पाणी तोडायचं. पानं झडू द्यायची, वाळकी काटकी छाटायची. फाल्गुन लागला की सगळं परडं झाडून, तण उपटून, आळी खणून शेणखत घालायचं आणि मगच मोगऱ्याला पहिलं पाणी सोडायचं. वाळल्या पाचोळ्याचा धूर भिंतीवरून बोळात जायचा. राचप्पा भाऊजी कुदळ मारायचे आणि मधूनच थांबून शिंकायचे. मोगऱ्याच्या वासानंच त्यांना शिंका यायच्या. "अव्वा, तुझा देव मला शिंकवून मारायलाय," म्हणायचे, आणि अव्वा हसू दाबत त्यांच्या पाठीत ओल्या मातीचा गोळा मारायची. असा एकच फाल्गुन मला लाभला.

पुढच्या वर्षी रझाकारांचे ते दिवस आले. सांज व्हायच्या आत दारं लागू लागली. बायका विहिरीवर बोलेनाशा झाल्या. शेताला जातो म्हणून गेलेले राचप्पा भाऊजी सरहद्दीपलीकडं, निजामाशी लढणाऱ्या पोरांच्या कँपात आहेत, एवढंच कुणाकडून तरी कळलं. आषाढात एका पहाटे परड्यात खुडबुड झाली. मी चुलीपाशी होते. दाराच्या फटीतून पाहिलं तर भाऊजी गुडघ्यावर बसून हातानं माती सारखी करत होते, दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी मोठा सदरा. कुंपणापाशी आणखी कुणाची तरी सावली होती. अव्वा धावत गेली.

"मडक्यात बाँबगोळे हाईत, अव्वा," ते घाईघाईनं म्हणाले. "मातीला हात लावू नका. मी येऊन काढतो."

"कुठं पुरलास?"

"ते तुला ठावं नसलेलंच बरं. उद्या कुणी दरडावून इचारलं तर तुला खोटं बोलाय येत न्हाई."

तिनं त्यांच्या हातात भाकरी कोंबली. ती हातात घेऊनच ते कुंपणाबाहेर गेले. पाऊस सुरू झाला आणि मातीवरची सगळी खूण मिटली.

त्या दिवसापासून परडं आमचं राहिलं नाही. पाणी शेंदायला विहिरीपर्यंत जी मळलेली वाट होती तेवढ्यावरूनच जायचं, पाऊल जरा इकडं-तिकडं नाही. पावसानं तण माजलं. शेवंती कुजली, अबोली गवतात गडप झाली, घाणेरी कमरेएवढी वाढली. तिच्यात सरपटल्याचे आवाज यायचे. अव्वा दारातून हात लांब करून हाताला येईल तेवढीच तगर तोडायची.

भादव्यात पोलीस अ‍ॅक्शन झाली. कँपातली पोरं एकेक करून परतली. कुणाच्या गळ्यात हार पडले, कुणाच्या दारात नारळ फुटले. आमच्या दारात कुणी आलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. अव्वा रोज एक भाकरी जास्तीची थापायची आणि दुसऱ्या दिवशी ती गाईला घालायची.

शेजारी चाँदबी राहायची. तिचा नवरा त्याच भादव्यात घराबाहेर पडला होता, तोही परतला नव्हता. तिचं दार आता दिवसाही लावलेलं असे. आमच्या दोन्ही घरांमध्ये खांद्याएवढी मातीची भिंत. तिची शेळी एकदा भिंत ओलांडून आमच्या परड्यात उतरली आणि खुरानं माती उकरू लागली. मी दारात होते. ओरडावं तर शेळी बुजून उधळेल, गप्प बसावं तर उकरतच राहील. तेवढ्यात चाँदबी शेळीला धरायला भिंतीवर चढली.

"आत येऊ नको!" अव्वा किंचाळली. "आमच्या परड्यात पाय टाकू नको!"

चाँदबी भिंतीवरच थबकली. त्या दिवसांत त्या शब्दांचा एकच अर्थ लागत होता. तिचा चेहरा उतरला. "नै आती, अम्मा," ती एवढंच म्हणाली आणि मागं उतरली. शेळी आपणहून तिच्या मागं गेली. अव्वा चौकटीला धरून खाली बसली. तिला काही सांगता येत नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं. त्यानंतर चाँदबीनं आमच्याकडं पाहणं सोडलं.

मला दिवस गेले होते. आमचे हे मोंढ्यात अडतीच्या दुकानावर कामाला होते; त्यांचं म्हणणं, ठाण्यात जाऊन सांगावं. अव्वा म्हणायची, "लेकरानं घरात बाँब ठिवले म्हणून सांगू? त्यो आल्यावर त्येला धरतील." यावरून दोघांचं बोलणं बंद व्हायचं. माघ संपला. मोगऱ्याची पानं आपोआप झडली, आणि त्या रानातून त्याच्या काड्या केविलवाण्या दिसायला लागल्या. एक दिवस अव्वा दारात उभी राहून बराच वेळ परड्याकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या पोटाकडं पाहिलं, आणि म्हणाली, "उद्यापसनं परडं साफ करायचं."

"अव्वा!"

"ह्या घरात लेकरू रांगणार हाय, पोरी. मातीत हात घालणार हाय."

कुणा गड्याला बोलवायला ती तयार नव्हती. "दुसऱ्याच्या लेकराला खड्ड्यात घालू का?" ह्यांना तिनं दुकानावर पिटाळलं, म्हणाली, घरातला एक गडी तरी जिता राहिला पाहिजे. मला बोळात जाऊन बसायला सांगितलं. मी गेले नाही. पण दारापुढं पाऊलही टाकलं नाही.

आधी तिनं आठवडाभर नुसतं पाणी घातलं. घागरीवर घागर, सगळ्या परड्यात, चिखल होईपर्यंत. ओलीत दारू सर्दाळते, असं तिला कुठून कळलं होतं कुणास ठाऊक. तो वास तेव्हापासून माझ्या अंगात भरला आहे. ओली माती, कुजलेलं तण, आणि माझ्या तोंडातली तांब्याच्या चवीची भीती. मग तिनं घाणेरी उपटायला घेतली. एकेक मूळ धरून, सावकाश, कान देऊन. लोखंडाला तिनं हात लावला नाही. ठिणगी पडेल म्हणून बांबूची कामटी घेतली आणि तिच्या टोकानं माती टोचत, उकरत ती आळ्यामागून आळं सरकत होती. मोगऱ्याच्या काड्या मात्र तिथल्या तिथं मोडून नीट छाटत होती. मरण हाताशी असताना बाई छाटणी करत होती! मी दारातून म्हणाले, "अव्वा, ते राहू दे की." तर म्हणाली, "आता न्हाई छाटली तर चैतात फूल कुठनं येईल?"

कामटी दगडाला लागली की मी डोळे मिटून घ्यायची. दगड निघायचा, ती तो बाजूला ठेवायची. पोटातलं पोर हलायचं थांबलं की काय असं मला वाटायचं, आणि ते हललं की वाटायचं, गप राहा, गप.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी कण्हेराच्या बुडाशी कामटी वेगळ्या आवाजानं वाजली. पोकळ. अव्वानं कामटी टाकून दिली. दोन्ही हातांनी माती काढली. मडक्याचं तोंड फडक्यानं बांधून वर चिखल लिंपलेला होता. ती हलेना, मी हलेना. बोळातून कुणीतरी चिंचा विकत चाललं होतं, तो आवाज लांब जाईपर्यंत आम्ही तशाच होतो.

मग तिनं ते उचललं. छातीशी धरलं. पदर वरून घेतला. माझ्या शेजारून जाताना म्हणाली, "मागं येऊ नको."

मी गेले. लांबून, पण गेले. दुपार तापलेली, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती पाय घासत नव्हती, ठेच लागू नये म्हणून एकेक पाऊल चाचपून टाकत होती. गावाबाहेर एक सोडलेली विहीर होती, पाणी हिरवं, कुणी पीत नसे. काठावर बसून तिनं कमरेला गुंडाळून आणलेला दोराचा सोल मडक्याच्या गळ्याला अडकवला आणि हळूहळू खाली सोडला. पाण्याला लागल्यावर मडकं क्षणभर तरंगलं. मग बुडबुड आवाज झाला. हिरवं शेवाळ दुभंगलं आणि पुन्हा जुळून आलं.

काही झालं नाही. मी हसायला लागले. दात वाजत होते, तरी हसत होते. आणि अव्वा रडायला लागली. भाऊजी गेल्यापासून तिला रडताना मी पाहिलं नव्हतं.

"कामून रडायलीस, अव्वा? वाचलो की आपण."

"मी येऊन काढतो म्हणला होता ग," ती म्हणाली. "त्येच्यासाठी म्हणून मी हात लावला न्हवता. आता कशाला येईल त्यो?"

तेव्हा मला समजलं. इतके महिने मी ज्याला भीत होते, त्याच्याच आधारावर ती जगत होती.

संध्याकाळी ती चाँदबीच्या दारात गेली. मी भिंतीमागून ऐकलं. "जमिनीत बाँब हुते, बाई. म्हणून वरडले मी. तुझ्यावर न्हाई वरडले." मग दार उघडल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी चाँदबीनं भिंतीवरून पदरात बांधलेले कंद आमच्याकडं दिले. "गुलशब्बू के गड्डे हैं, अम्मा. लगा लो. मेरे से पानी नै होता अब." गुलछडीचे कंद. अव्वा म्हणाली, ही तर सुगंधराज. तीन नावांची ती फुलं आम्ही कण्हेराजवळच्या मऊ झालेल्या मातीत लावली. त्या चैत्रात मोगरा असा फुलला की परडीत मावेना.

श्रावणात मला मुलगी झाली. ती त्याच मातीत रांगली, तिथंच चालायला शिकली. कुदळीच्या आवाजाला दचकणं माझं हळूहळू कमी झालं. त्या वर्षांतल्या सकाळी मला वासानं आठवतात. विभूतीचा वास, भिजल्या खताचा वास, पावसाळी संध्याकाळी गुलछडीचा जड वास, आणि चाँदबीच्या चुलीवरच्या खमंग फोडणीचा. अव्वानं जास्तीची भाकरी थापणं थांबवलं होतं.

मग भाषेवरून राज्य मोडणार, कुणाचा तालुका कुठं जाणार, अशी बोलणी गावोगाव सुरू झाली होती, त्या सुमाराला हे एका पाहुण्याला घरी घेऊन आले. माणिक नाव. भाऊजींबरोबर कँपात होता. एका लग्नासाठी गावात आलेला. अव्वानं त्याला मागच्या ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि समोर बसून नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मांजरा नदीच्या पुरात उतरताना बघितलो त्येला," तो खाली मान घालून म्हणाला. "मी अलीकडं हुतो. पुढचं मला ठावं न्हाई, अव्वा."

अवघडून त्यानं परड्याकडं पाहिलं. मोगरा बहरला होता. माझी मुलगी वाफ्यांवरून उड्या मारत फुलं गोळा करत होती.

"बरं केलात, साफ केलात ते," तो म्हणाला. "दोन्ही काढलात नव्हं?"

ह्यांनी कपबशी खाली ठेवली. "दोन्ही?"

"दोन मडकी हुती की. एक त्येनं पुरलं, एक मी. मी कुंपणाकडं... का विहिरीकडं? अंधार हुता. घाई हुती."

मुलगी उडी मारून एका वाफ्यातून दुसऱ्यात गेली. अव्वा उठली. दारात उभी राहिली आणि अगदी गोड, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "सावकाश बा, कंदा. सावकाश ये, बाळा. उडी न्हाई मारायची. सावकाश बा."

पोरीला वाटलं खेळ आहे. ती एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत, हसत, ओंजळीत मोगरा घेऊन आली. ओसरीवर पाय लागताच मी तिला अशी आवळली की ती रडायला लागली. फुलं सगळीकडं सांडली.

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी परडं खणून काढायचं ठरवलं. अव्वा दारात आडवी बसली.

"हात लावायचा न्हाई."

"अव्वा, पोर हाय घरात!"

"पोरीला घिऊन तुम्ही जावा. म्या न्हाई लावू देणार. एकदा काढले, चुकले. ह्ये त्येचं त्यो येऊन काढील."

"त्यो मांजरेच्या पुरात..."

"तू बघितलास? ह्यानं तरी बुडताना बघितलं का?"

तिच्या डोळ्यांत तेव्हा भीती नव्हती. तो चेहरा मला भाऊजी घरात होते तेव्हाचा वाटला. मला तिची फार भीती वाटली.

आम्ही भालकीला खोली घेतली. तिकडंच ह्यांना काम मिळालं. अव्वा आली नाही. आम्ही सणासुदीला जायचो. मी पुढच्या सोप्यातच बसायची, मुलीला मांडीवरून उतरू द्यायची नाही. मागचं दार उघडं असलं की घाणेरीचा उग्र वास आत यायचा. तण पुन्हा कमरेएवढं झालं होतं. मोगरा त्यात बुडाला. जास्तीची भाकरी पुन्हा टोपल्यात दिसायला लागली. चाँदबी भिंतीवरून दोन्ही वेळा हाक मारून अव्वाची खबर घ्यायची, आणि शेवटी अव्वा एका सकाळी ओ देईना म्हणून तिनंच आम्हाला माणूस धाडला. घर विकताना ह्यांनी घेणाऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला होता. मला पुढं कितीतरी वर्षं तिथून वाईट बातमी येईल असं वाटत राहिलं.

मागच्या फाल्गुनात त्या गुलाबी इमारतीमागं मी उभी होते तेव्हा घरातली सून हातात रोप घेऊन बाहेर आली. कोण पाहिजे, विचारलं. मी सांगितलं, पूर्वी आमचं घर होतं इथं. मग धीर करून विचारलं, "घर बांधताना खणलं तेव्हा... काही निघालं का ग मातीतून?"

"जेसीबी लावलं हुतं, आजी," ती म्हणाली. "ह्या कुंपणापसनं त्या विहिरीपर्यंत सगळं पुरुषभर खोल काढलं. विहीरबी बुजवली. सासरे रोज उभे राहून बघायचे, कुणीतरी कायतरी सांगितलं हुतं म्हणून. काईच न्हाई निघालं. नुसत्या मुळ्या."

मी तिथंच, त्या ओल्या पट्टीच्या कडेला बसले. माणिक चुकला होता. अंधार होता, घाई होती, दुसऱ्याच कुठल्या परड्यातली आठवण त्यानं आमच्या परड्यात पुरली होती. तेवढ्यासाठी आमचं घर मोडलं, पोर आजीवाचून वाढली, आणि त्या रिकाम्या मातीची राखण करत एक बाई एकटी म्हातारी झाली. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग राग आला, मग काहीच वाटेना.

सुनेनं पाण्याचा तांब्या आणला. "आजी, काय झालं? काय पाहिजे हुतं का तुम्हाला त्यातलं?"

"न्हाई बाई," मी म्हटलं. "काई नव्हतंच तिथं."

तिनं वाकून रोपाभोवतीची माती बोटांनी दाबली. मी पाणी प्याले. आणि मनात आलं, बरं झालं, हे अव्वाला कधी कळलं नाही.